भुसा, पत्रा आणि काळीज : ओझच्या वाटेवरचे तीन सोबती

गेल्या पावसाळ्यात आमच्या गावच्या वाचनालयात दर शनिवारी दुपारी मी मुलांना एक गोष्ट सांगत होते. पुस्तक इंग्रजी, सांगणे मराठी. एल. फ्रँक बॉम या अमेरिकन लेखकाचे 'द वंडरफुल विझार्ड ऑफ ओझ' हे १९०० साली निघालेले पुस्तक समोर उघडे ठेवायचे आणि जमेल तसे मराठी करत पुढे जायचे, असा शिरस्ता. सोळाव्या प्रकरणात बुजगावण्याला मेंदू मिळतो. म्हणजे होते असे, की जादूगार त्याचे डोके सोडवतो, आतला पेंढा उपसतो, मापभर कोंड्यात बऱ्याच सुया-टाचण्या मिसळतो, ते मिश्रण डोक्यात वरच्या बाजूला भरतो आणि उरलेल्या जागेत पुन्हा पेंढाच कोंबतो. मी पहिल्या दिवसापासून पेंढ्याला मुद्दाम 'भुसा' म्हणत आले होते, कारण आपल्याकडे डोक्यात भरायची वस्तू तीच.

मुले हसली. मागे बसणारा, एरवी तोंड न उघडणारा पाचवीतला एक मुलगा मात्र म्हणाला, "बाई, भुसा काढून कोंडाच भरला की. मग फरक काय पडला?"

उत्तर तोंडावर आले होते, पण बाहेर पडले नाही. एकतीस वर्षे मी शाळेत शिकवले. 'डोक्यात भुसा भरलाय का रे?' हे वाक्य त्या काळात मी किती वेळा उच्चारले असेल, याचा हिशेब माझ्याकडे नाही. ज्यांना ते ऐकवले त्यांच्याकडे असेल. म्हणून त्या दिवशी गोष्ट तिथेच थांबवली आणि घरी येऊन पुस्तक पहिल्यापासून, मुलांसाठी नव्हे तर स्वतःसाठी वाचायला घेतले. बॉमविषयी जे हाताशी लागले तेही वाचले. हा लेख त्यातून झाला आहे.

ज्यांना गोष्ट ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅन्ससच्या करड्या, भेगाळलेल्या माळावर काका-काकूंजवळ राहणारी डोरोथी ही अनाथ मुलगी आणि तिचा कुत्रा टोटो वावटळीत घरासकट उडतात आणि ओझ नावाच्या अद्भुत देशात पडतात. परत घरी जायचे तर पाचूनगरीच्या महान जादूगाराला भेटावे लागेल, असे तिला सांगितले जाते. पिवळ्या विटांच्या वाटेवर तिला तिघे भेटतात. बुजगावण्याला मेंदू हवा आहे, पत्र्याच्या लाकूडतोड्याला हृदय, भित्र्या सिंहाला धैर्य.

प्रवासात सोबती भेटत जाणे हा लोककथांचा फार जुना साचा आहे. ग्रिम बंधूंच्या संग्रहात एका शिपायाची गोष्ट आहे. त्याला वाटेत एकेक जण भेटतो. एक झाडे मुळासकट उपटणारा, एक दोन मैलांवरच्या माशीचा डोळा टिपणारा, एक नाकपुडीच्या वाऱ्याने पवनचक्क्या फिरवणारा. आपल्या पंचतंत्रातल्या 'मित्रसंप्राप्ति' या दुसऱ्या तंत्रात कावळा, उंदीर, कासव आणि हरीण एकत्र येतात. तिथेही कावळ्याने वरून बघायचे, उंदराने पाश कुरतडायचे, अशी कामाची वाटणी आहे. सोबती येतो तो आपले सामर्थ्य घेऊन. त्याच्या अंगी काय आहे यावर त्याची निवड होते. म्हातारपणी घराबाहेर काढलेल्या गाढव, कुत्रा, मांजर आणि कोंबड्याची ग्रिमांचीच ब्रेमेनची गोष्ट याला अपवाद म्हणता येईल. तरी तिथेही गाढव मांजरीला सोबत घेताना तिच्या गळ्याचे कौतुक करून घेते.

बॉमने हा साचा उलटा केला. त्याचे तिघेही येतात ते आपल्याजवळ काय नाही ते सांगत. आणि डोरोथी एकालाही विचारत नाही, की तुझा मला काय उपयोग? बुजगावणे जेव्हा म्हणते, की मी तुझ्याबरोबर आलो तर जादूगार मला मेंदू देईल का, तेव्हा तिचे उत्तर अगदी घरगुती आहे. देईल की नाही सांगता येत नाही, पण चल हवे तर. नाही दिला तरी आत्ता आहेस त्याहून वाईट काही होणार नाही. एवढाच करार.

भेटींचे तपशील बघण्यासारखे आहेत. पहिल्या दोन भेटींत समोरचा जागेवर अडकलेला आहे. बुजगावणे मक्याच्या शेतात पाठीत खांब घुसवून टांगलेले. लाकूडतोड्या वर्षाहून अधिक काळ कुऱ्हाड उगारलेल्या स्थितीत गंजून उभा. डोरोथी एकाला खांबावरून उचलून खाली घेते, दुसऱ्याच्या सांध्यांना तेल घालते. (बॉमच्या घरच्यांचा वंगणतेलाचा धंदा होता आणि तरुणपणी त्याने ते तेल विकतही फिरून पाहिले होते. गोष्टीतली तेलाची बुधली ही एका विक्रेत्याच्या ओळखीची वस्तू आहे.) तिसऱ्या भेटीत हा साचा मोडतो. सिंह अडकलेला नाही, तो थेट अंगावर येतो. बुजगावण्याला आणि लाकूडतोड्याला पंजाच्या फटक्याने लोळवतो आणि टोटोवर तोंड टाकतो. डोरोथी त्याच्या नाकाडावर चापट मारते आणि लहानग्या कुत्र्याला चावायला निघालास, भित्रा कुठला, असे त्याला सुनावते. सिंह हे नाकारत नाही. मला ठाऊक आहे, म्हणतो. अडकलेला तोही आहेच. स्वतःच्या डरकाळीच्या आड.

आता बुजगावण्याची आत्मकथा. ते परवाच जन्मलेले आहे. शेतकऱ्याने आधी त्याचे कान रंगवले, म्हणून डोळे उघडण्याआधी त्याला ऐकू येऊ लागले. आणि या जगात त्याने पहिल्यांदा ऐकले काय? शेतकरी शेजाऱ्याला विचारत होता, कान कसे झालेत. आणि शेजारी सांगत होता, की सरळ नाहीत. पुढे शेतात उभे असताना एक म्हातारा कावळा खांद्यावर बसला आणि समजावून गेला, की तुझ्या डोक्यात मेंदू असता तर तू कुणाहीइतकाच चांगला माणूस झाला असतास. बुजगावण्याने स्वतःहून असा निष्कर्ष कधीच काढला नव्हता. ऐकले आणि धरून बसले. पहिल्या वाचनात हा कावळा माझ्या नजरेतून निसटला होता. दुसऱ्या वेळी मात्र मी तिथे बराच वेळ थांबले.

पाचूनगरीच्या वाटेवर पहिली मोठी अडचण येते ती खोल दरीची. डोरोथी हताश होते, लाकूडतोड्याला काही सुचत नाही. बुजगावणे मात्र शांतपणे मांडणी करते: उडता येत नाही, खाली उतरता येत नाही, तेव्हा उडी मारता आली तरच पुढे जाता येईल. सिंह अंतर डोळ्यांनी मोजून म्हणतो, मला जमेलसे वाटते. मग आधी कोणाला पाठीवर घ्यायचे? पुन्हा बुजगावणेच बोलते. मला आधी ने, कारण उडी चुकलीच तर डोरोथी मरेल, पत्र्याच्या माणसाला पोचे पडतील, मला मात्र काहीच होणार नाही. सिंह म्हणतो, पडण्याची मला भयंकर भीती वाटते, पण करून पाहण्यावाचून दुसरा मार्ग नाही. आणि उडी घेतो. दुसरी दरी उडीच्या आवाक्याबाहेरची, तेव्हा झाड तोडून पूल करण्याची युक्तीही त्याच भुशाच्या डोक्यातून निघते. मागे अस्वलाच्या धडाचे नि वाघाच्या तोंडाचे कालिडा लागलेले असताना सिंह इतरांना आपल्या पाठीशी उभे करतो आणि जिवात जीव असेपर्यंत लढायला तयार होतो. लाकूडतोड्याच्या पायाखाली चुकून एक किडा चिरडतो, तर तो इतका रडतो की जबड्याची बिजागरी गंजून तोंड उघडेना. तेलाची बुधली आणून ते उघडतो कोण? बुजगावणे. त्यालाच आधी कळते काय झाले असावे ते.

म्हणजे जे नाही म्हणून प्रत्येक जण झुरतो आहे, तेच तो वाटभर खर्च करतो आहे. हे निरीक्षण नवे नाही. ओझवर लिहिणाऱ्या बहुतेकांनी ते केले आहे. मराठीत गोष्ट सांगताना मला दिसलेली गोष्ट वेगळी होती. लाकूडतोड्याला काय हवे ते सांगताना मी 'काळीज' म्हटले. पुढच्या आठवड्यात सिंह आला, आणि धैर्यासाठीही माझ्या तोंडून काळीजच निघाले. वाघाचे काळीज, काळजाचे पाणी होणे. आपल्या भाषेत माया आणि हिंमत एकाच जागी राहतात. एका मुलीने लगेच पकडले, "बाई, मग दोघांनाही एकच पाहिजे ना?" आणि पुस्तकात पाहावे तर या दोघांत खरेच तसा संवाद आहे. संकट आले की माझी छाती धडधडते, असे सिंह सांगतो. लाकूडतोड्या म्हणतो, तुला कदाचित हृदयविकार असेल, पण त्यातही आनंद मान, निदान हृदय असल्याचा पुरावा तरी आहे. मला तो विकार होऊच शकत नाही. त्यावर सिंह विचारात पडतो, की हृदय नसते तर कदाचित मी भित्राही नसतो. इंग्रजीतला 'करेज' हा शब्दही फ्रेंचमार्गे हृदयावरूनच आलेला आहे. भाषांतरात गमावण्याविषयी आपण फार बोलतो, इथे मला थोडे सापडले.

वाटेतला आणखी एक प्रसंग. नदी ओलांडताना बुजगावण्याचा बांबू गाळात रुतून बसतो, तराफा पुढे वाहत जातो आणि ते पुन्हा एकदा खांबाला लटकलेले, या वेळी पाण्याच्या मधोमध. त्याला वाटते, आपण डोरोथीला भेटण्यापूर्वीपेक्षाही वाईट अवस्थेत आहोत. शेतात निदान कावळे तरी होते. पण सोबती काठावर उतरून तडक पुढे जात नाहीत. ते त्याच्यासाठी काठाने मागे येतात आणि एका बगळ्यासारख्या मोठ्या पक्ष्याची विनवणी करून त्याला उचलून आणवतात. भुशाचे असल्यामुळे ते हलके आहे, म्हणून पक्ष्याला ते उचलता येते. पुढे अफूच्या फुलांच्या शेतात डोरोथी आणि सिंह गुंगीने झोपतात, तेव्हा न झोपणारे दोघे कोण? ज्यांना रक्तमांस नाही तेच. दोघे हातांची खुर्ची करून डोरोथीला बाहेर नेतात.

हे सगळे लिहिणारा माणूस कोण होता? बॉमचा जन्म १८५६ चा, न्यूयॉर्क राज्यातला. जातिवंत कोंबड्या पाळून झाल्या, नाटक कंपनी झाली, तेल विकून झाले. १८८८ साली तो डकोटामध्ये ॲबरडीन गावी गेला आणि 'बॉम्स बझार' नावाचे दुकान काढले. दुष्काळाने शेतकरी मोडले, तसे १८९० च्या सुरुवातीला दुकानही बसले. मग त्याने वर्तमानपत्र चालवले, तेही टिकले नाही. शिकागोत येऊन तो काचेच्या आणि चिनी मातीच्या भांड्यांचा फिरता विक्रेता झाला. पुढे १८९७ मध्ये दुकानांच्या दर्शनी काचा कशा सजवाव्यात याविषयीचे 'द शो विंडो' हे मासिक काढले. चाळिशी ओलांडेपर्यंत या माणसाला कोणत्याच कामात धड यश आले नव्हते. पुस्तकातला करडा कॅन्सस म्हणजे बहुतांशी त्याने पाहिलेला डकोटाच आहे.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. त्याच ॲबरडीनच्या वर्तमानपत्रात, डिसेंबर १८९० मध्ये लाकोटांचा नेता सिटिंग बुल मारला गेल्यावर, आणि पुन्हा जानेवारी १८९१ मध्ये वुंडेड नीच्या कत्तलीनंतर, बॉमने आदिवासींचा समूळ नाश करावा असे अग्रलेख लिहिले. उपरोध म्हणून ते सोडवण्याचा प्रयत्न काहींनी केला आहे. मला तो पटत नाही. २००६ साली बॉमच्या वंशजांनी सू लोकांची माफी मागितली. बुजगावण्याला 'चल हवे तर' म्हणणारी मुलगी ज्याने निर्माण केली, त्याला आपल्या गावाशेजारची माणसे माणसे दिसली नाहीत. पुस्तक यामुळे मी बाजूला ठेवले नाही. पण त्यानंतर एक जागा खटकू लागली: किड्यासाठी रडणारा लाकूडतोड्या पुढे चाळीस लांडग्यांची मुंडकी एकामागून एक उडवतो आणि त्या वेळी त्याचा जबडा गंजत नाही. चेटकिणीने सोडलेले लांडगे होते, हे खरे. तरीही.

सोबत्यांचे 'खरे' अर्थ लावण्याचे उद्योगही पुष्कळ झाले. १९६४ साली हेन्री लिटलफील्ड या शिक्षकाने 'अमेरिकन क्वार्टरली'त लेख लिहून बुजगावणे म्हणजे शेतकरी, लाकूडतोड्या म्हणजे कारखान्यातला कामगार, सिंह म्हणजे विल्यम जेनिंग्ज ब्रायन हा पुढारी आणि डोरोथीचे चांदीचे जोडे म्हणजे चांदीच्या चलनाचा वाद, असा उलगडा केला. अर्थशास्त्राच्या वर्गांत तो आजही सांगितला जातो. लिटलफील्डने तो मुळात मुलांना इतिहास शिकवण्यासाठी रचला होता आणि बॉमच्या मनात हे होते असा दावा त्याने पुढे धरून ठेवला नाही. शिक्षक म्हणून मला युक्ती आवडली. पण माणसाला एकदा 'शेतकरी' नावाची पाटी लावली, की तो दरीच्या काठावर काय बोलला ते कोणी ऐकत नाही.

त्यापेक्षा रशियन रूपांतर मला अधिक शिकवून गेले. १९३९ मध्ये अलेक्सांद्र वोल्कोव्हने हीच गोष्ट 'पाचूनगरीचा जादूगार' म्हणून रशियनमध्ये आणली. त्यात डोरोथीची एली झाली. आणि एक बदल झाला: तिघा जिवांना त्यांच्या मनीची इच्छा पुरी करायला मदत केलीस तरच घरी जाशील, असे जादूच्या पुस्तकातून तिला आधीच सांगितले जाते. कथेला यामुळे ताण येतो, हे मान्य. पण सोबती आता अट होऊन बसतात. बॉमची डोरोथी मोजत नाही. तिला तिघे हवे होते म्हणून तिघे आलेले नाहीत.

आता त्या मुलाचा प्रश्न. ओझचा जादूगार हा ओमाहाहून फुग्यातून भरकटत आलेला भोंदू आहे, हे उघड झाल्यानंतर मेंदूचे वाटप होते. भोंदू असला तरी तो सुरुवातीला खरे बोलतो. बुजगावण्याला सांगतो, की तुला मेंदू नको, तू रोज काहीतरी शिकतोच आहेस. सिंहाला सांगतो, तुझ्यात धैर्य भरपूर आहे, विश्वास तेवढा कमी आहे. दोघेही ऐकत नाहीत. म्हणून मग कोंडा, लाकडाच्या भुश्शाने भरलेले रेशमी हृदय आणि हिरव्या बाटलीतले काहीतरी पेय. स्वतःशी तो म्हणतो, की जे होऊ शकत नाही ते लोक माझ्याकडून करवून घेतात, मग मी भोंदू होऊ नये तर काय करू! त्याच १९३९ सालच्या प्रसिद्ध चित्रपटात कोंड्याऐवजी पदविकेचे भेंडोळे आले, धैर्याऐवजी पदक. आणि भेंडोळे हातात पडताच बुजगावणे मोठ्या रुबाबात पायथागोरसचे प्रमेय म्हणून दाखवते, ते साफ चुकीचे: काटकोन त्रिकोणाऐवजी समद्विभुज, वर्गांऐवजी वर्गमुळे. वाटेत एकदाही न चुकलेले डोके प्रमाणपत्र मिळाल्यावर चुकले. चित्रपटवाल्यांनी हे हेतुतः केले असो वा नसो, माझ्या एकतीस वर्षांच्या अनुभवाशी ते जुळते.

पण चित्रपटाने जे गाळले ते मला सगळ्यांत मोलाचे वाटते. पुस्तकात जादूगार फुग्यातून एकटाच उडून जातो आणि डोरोथी मागे राहते. आता दक्षिणेला ग्लिंडाकडे जायचे, म्हणजे नवा आणि धोक्याचा प्रवास. या वेळी तिघांनाही काही मागायचे नाही. बुजगावणे तर पाचूनगरीचा राजा झालेले आहे. तरी सिंह म्हणतो, डोरोथीला राखण लागेल. लाकूडतोड्या कुऱ्हाड घेऊन निघतो. बुजगावणे सांगते, की हिने मला खांबावरून उतरवले, ही घरी जाईपर्यंत मी हिला सोडणार नाही. पहिल्या प्रवासात प्रत्येकाचे स्वतःचे काम होते आणि वाट एक होती, इतकेच. दुसऱ्यात काम एकीचेच आहे. पहिल्या प्रवासातल्या चौघांना मी वाटसरू म्हणेन. सोबती हा शब्द मी या दुसऱ्यासाठी राखून ठेवला.

(सगळेच ऋण फिटते असे मात्र नाही. ज्या मुलीच्या प्रेमापायी लाकूडतोड्याचे एकेक अवयव तुटून पत्र्याचे झाले, तिच्याकडे तो हृदय मिळाल्यावरही गेला नाही. बॉमला हे टोचले असावे. १९१८ च्या 'द टिन वुडमन ऑफ ओझ'मध्ये तो अखेर तिला शोधत जातो, तेव्हा तिचा संसार थाटलेला असतो.)

ग्लिंडा डोरोथीला सांगते, की तुझ्या पायांतले चांदीचे जोडे तुला पहिल्याच दिवशी घरी नेऊ शकले असते. त्यावर तिघे एकामागून एक बोलतात. तसे झाले असते तर मी अजून मक्याच्या शेतात असतो; मी रानात गंजत असतो; मी भीत भीत जगत असतो. डोरोथी म्हणते, खरे आहे, आणि तुमच्या उपयोगी पडले याचा मला आनंद आहे. मग ती टाचा तीनदा आपटते. जोडे वाळवंटावरून जाताना पायांतून गळून पडतात.

मध्ये दोन शनिवार पावसाने बुडाले होते. मुले पुन्हा जमली तेव्हा दक्षिणेच्या प्रवासाची सुरुवात होती. कोंड्याच्या प्रश्नाचे उत्तर मी तयार करून आणले होते, ते सांगितलेच नाही. चौघे पाचूनगरीच्या वेशीतून बाहेर पडले तसा तोच मुलगा म्हणाला, "आता बुजगावण्याला काय पाहिजे, बाई?"

"काही नाही."

"मग ते कशाला चाललंय?"

मी पुस्तक त्याच्यापुढे सरकवले आणि ओळीवर बोट ठेवले. तो इंग्रजी अक्षरे एकेक करून जुळवू लागला. वेळ लागत होता. बाकीची मुले थांबली.